‘द क्रिएशन ऑफ द युनिव्हर्स’: दोन रात्री, तिघे वादक, गाणं एकही नाही

अमेरिकन रॉक गायक-गिटारवादक लू रीडचं नाव वाचून हा अल्बम लावणार असाल, तर आधीच सांगितलेलं बरं: यात तो गात नाही. शब्द नाहीत, मुखडा नाही, ठेका धरून बसणारा ड्रमर नाही. दोन डिस्क, प्रत्येकीवर एकेक अखंड मैफल, जवळपास तासाभराची. नावंसुद्धा ‘पहिली रात्र’ आणि ‘दुसरी रात्र’ एवढीच. लॉस एंजेलिसच्या रेडकॅट नाट्यगृहात २ आणि ३ ऑक्टोबर २००८ ला जे वाजलं, ते असं दोन तुकड्यांत समोर ठेवलं आहे.

वादक तिघं. रीड गिटार आणि इलेक्ट्रॉनिक्सवर, उलरिख क्रीगर टेनर सॅक्सोफोन आणि इलेक्ट्रॉनिक्सवर, आणि सार्थ कॅल्हून कंटिन्यूअम फिंगरबोर्ड आणि ‘लाइव्ह प्रोसेसिंग’वर, म्हणजे वाजत असलेल्या आवाजावर तिथल्या तिथे संगणकाने प्रक्रिया करण्यावर. हे तिसरं नाव लक्षात ठेवा, कारण अल्बमची सगळी गंमत आणि बरीचशी अडचण तिथेच आहे.

तिघांच्या या संचाला मेटल मशीन ट्रिओ म्हणत. नाव घेतलंय रीडच्या १९७५ च्या ‘मेटल मशीन म्युझिक’वरून, आणि त्या नावाने या अल्बमचं थोडं नुकसानच केलं आहे. १९७५ चा तो अल्बम दोन एलपींचा. चार बाजू, लेबलवर प्रत्येक बाजूची लांबी १६ मिनिटं १ सेकंद छापलेली, आणि चौथ्या बाजूची शेवटची खाच बंद वर्तुळाची, म्हणजे सुई कुणी उचलेपर्यंत तोच तुकडा फिरत राहणार. एकट्या माणसाने गिटारी अँपसमोर ठेवून फीडबॅक (अँपचा आवाज गिटारीत परत शिरून वाढत जाणारा स्वर) काढायचा, टेपवर घ्यायचा, टेपचा वेग बदलायचा, थरावर थर चढवायचा, असं ते काम होतं. खोलीत दुसरं कुणी नाही, त्यामुळे कुणाला उत्तर द्यायचा प्रश्नच नाही. २००८ चं हे रेकॉर्डिंग नेमकं उलट्या बाजूचं आहे. इथे तिघांना एकमेकांचं ऐकावं लागतं, हातून सुटलेला आवाज परत घेता येत नाही, आणि रात्रीच्या चुकीवर सकाळी दुसरा थर चढवता येत नाही. १९७५ ची तीक्ष्ण, वरच्या सप्तकातली किंकाळी इथे शोधणाऱ्याच्या हाती निराशा येईल. त्या किंकाळीला घाबरून इकडे न फिरकणाऱ्याचं मात्र जास्त नुकसान होईल, कारण या दोन तासांतला बराच भाग खर्जात, सावकाश आणि चक्क देखणा आहे.

या दोन अल्बमांमधला पूल क्रीगरचा. ‘मेटल मशीन म्युझिक’ हा केवळ गोंगाट आहे, त्यात लिहून काढण्यासारखं काही नाही, असं वर्षानुवर्षं म्हटलं जायचं. क्रीगरने तो कानाने ऐकून चक्क स्वरलिपीत उतरवला. बर्लिनच्या त्साइटक्रात्सर या समूहाने २००२ मध्ये तो तिथेच रंगमंचावर वाजवला, व्हायोलिन, चेलो, पितळी वाद्यं, अकॉर्डियन अशा माणसांनी वाजवायच्या वाद्यांवर. रीड स्वतः त्या प्रयोगात गिटार घेऊन उतरला, आणि २००७ मध्ये त्याचं रेकॉर्डिंग प्रसिद्ध झालं. म्हणजे रेडकॅटमध्ये रीडच्या शेजारी उभा असलेला सॅक्सोफोनवाला त्या गोंगाटातला एकेक उपस्वर (मूळ स्वरासोबत वाजणारा वरचा बारीक स्वर) कानाने ओळखणारा माणूस होता. हे ऐकताना जाणवतं. क्रीगर गिटारीच्या वर चढून बोलायला जात नाही. तो तिच्या एखाद्या उपस्वराला जाऊन चिकटतो.

आता तिघांचं काम सुटं करून पाहू. एकदा ते कळलं, की अल्बम ऐकणं अर्ध्याने सोपं होतं.

गिटारचा फीडबॅक म्हणजे एक फेरा. अँपच्या स्पीकरमधला आवाज हवेतून तारेपर्यंत येतो, तार हलते, पिकअप (तारेखालची चुंबकी गुंडाळी) तो कंप पकडून पुन्हा अँपकडे पाठवतो. फेऱ्यात जेवढा आवाज गळतो त्याहून जास्त अँप भरून काढत असेल, तर स्वर आपोआप वाढत जातो आणि तारेला हात न लावता टिकून राहतो. कोणता स्वर टिकेल हे अंतरावर ठरतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे अँपपासून मीटरभर अंतरावर उभं राहिलं की तीन मिलिसेकंदांच्या आसपास उशीर. हजार हर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ३४ सेंटिमीटर, तेव्हा वादक १७ सेंटिमीटर पुढे-मागे झाला, की आत्तापर्यंत जोर देणारी लहर त्याच स्वराच्या मुळावर उठते. तो स्वर विरतो आणि शेजारचा उपस्वर उगवतो. अल्बममध्ये लांबलेला स्वर मध्येच फाटल्यासारखा होऊन एकदम सप्तक वर जातो, ते या सरकण्यामुळे घडू शकतं. पेडल दाबून झालेला बदल झटक्यात होतो. फीडबॅकचा बदल उमलायला थोडा वेळ घेतो, जुना स्वर ओसरत असतानाच नवा वर येतो. हा फरक कानाला ओळखता आला, की रीडचे हात आणि पाय वेगळे ऐकू येऊ लागतात.

सगळे फीडबॅक चांगले नसतात. पिकअपची गुंडाळी आतून सैल असेल तर तारेऐवजी तीच थरथरायला लागते, आणि मग शिट्टीसारखा, स्वराशी नातं नसलेला आवाज येतो. तार हाताने दाबली की गप्प होतो तो तारेचा फीडबॅक. तार दाबूनही जो गप्प होत नाही, तो पिकअपचा. या प्रकारचं संगीत वाजवणारे काही जण तो दुसराही मुद्दाम वापरतात, पण त्यावर ताबा फार थोडा राहतो. रीडचा कल इथे तारेकडे आहे, आणि म्हणूनच त्याच्या गोंगाटाला बहुतेक वेळ एक षड्ज असतो.

षड्ज हा शब्द इथे ओढूनताणून आणलेला नाही. टिकून राहणाऱ्या एकाच स्वराचं हे वेड रीडकडे साठच्या दशकापासूनचं. गिटारच्या सगळ्या तारा एकाच स्वरात लावायची त्याची जुनी खोड प्रसिद्ध आहे. व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या त्याच्या साठच्या दशकातल्या बँडमधला साथीदार जॉन केल आधी अमेरिकन संगीतकार ला माँट यंगच्या संचात व्हायोला घेऊन तासन् तास एकच स्वर धरणारा वादक होता. यंगने पुढे १९७० पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचं शिष्यत्व पत्करलं, तो भाग वेगळा. १९७५ च्या वेष्टनावर रीडने यंगच्या ड्रोनचा (अखंड धरलेल्या स्वराचा) उल्लेख केला आहे, नावाचं स्पेलिंग चुकवून का होईना. तानपुऱ्याची जवारी नीट उघडली की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलू लागतो, हे ज्याने ऐकलंय त्याला या अल्बमचं मुख्य सूत्र नव्याने शिकावं लागणार नाही. विकृत केलेली (डिस्टॉर्शन दिलेली) गिटार काय, जवारी काय, दोन्हींचं काम एकच: एका स्वरातले सहायक नाद फुगवून कानापुढे आणायचे.

क्रीगरच्या टेनर सॅक्सोफोनचा सर्वांत खालचा स्वर १०४ हर्ट्झच्या आसपास, गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या ८२ हर्ट्झहून फार वर नाही. म्हणून खालच्या भागात दोघं एकमेकांच्या अंगावर येतात, आणि बऱ्याचदा कोण कुठला हे कळत नाही. गिटार ११० वर आणि सॅक्स ११२ वर असेल तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. क्रीगरने ओठ किंचित सैल केला की हेलकावे मंदावतात, आणि स्वर जुळला की थांबतात. ठेका नसलेल्या या संगीतात लय बरेचदा अशी निर्माण होते. कुणी ताल धरत नाही, दोन स्वरांमधली फट ताल देते.

सॅक्सची बाकीची कसब अशी. एक, नाकाने श्वास घेताना गालात साठवलेली हवा बाहेर ढकलत राहायची, म्हणजे स्वर तुटत नाही. दोन, फुंकताना घशातून वेगळा स्वर गायचा, म्हणजे वाद्य गुरगुरतं. तीन, वेड्यावाकड्या किल्ल्या एकदम दाबून नळीत हवेचे दोन स्तंभ एकाच वेळी हलवायचे, म्हणजे एका वाद्यातून दोन-तीन स्वर एकत्र फुटतात. या तिसऱ्या प्रकारात धोका मोठा. ओठाचा दाब जरा कमी-जास्त झाला की तो गुच्छ मोडतो आणि नुसता साधा स्वर उरतो, तोही बहुधा नको तो. मैफलीत असं झालं तर लपवायला जागा नसते. क्रीगर अशा वेळी काय करतो हे कान देऊन ऐकण्यासारखं आहे: पडलेला साधा स्वर तो सोडून देत नाही, त्यालाच धरून पुढचा गुच्छ बांधतो.

आता कॅल्हून. कंटिन्यूअम हे वाद्य इलिनॉय विद्यापीठातल्या लिपोल्ड हाकेन यांनी घडवलं. पट्ट्या नसलेला, मऊ, सलग पृष्ठभाग. बोट डावीकडे-उजवीकडे सरकलं की स्वर बदलतो, पुढे-मागे सरकलं की आवाजाचा पोत, आणि दाबलं की जोर. प्रत्येक बोटाची नोंद वेगळी होते. पूर्ण आकाराच्या वाद्यावर साडेसात सप्तकांहून जास्त जागा मिळते. पियानोच्या पट्टीला मींड घेता येत नाही, इथे मींडीखेरीज दुसरं काही नाहीच म्हणा ना. बिनपट्टीचं असल्यामुळे सुरात राहायची जबाबदारी पूर्ण बोटावर येते. कॅल्हून ती घेतो, आणि फीडबॅकच्या कुठल्याही अर्ध्यामुर्ध्या श्रुतीला जाऊन मिळतो.

पण त्याचं खरं काम प्रक्रियेचं. गिटार आणि सॅक्सचा आवाज त्याच्या संगणकात जातो, तिथे उशिराने परत येतो, सप्तक खाली उतरतो, बारीक तुकडे होऊन पसरतो, आणि पुन्हा सभागृहात सोडला जातो. तो आवाज क्रीगरच्या मायक्रोफोनमध्ये शिरला, रीडच्या तारांना हलवून गेला, की फेरा दुहेरी झाला. नेहमीच्या तिकडीत तीन बाजू असतात, इथे तिसरी बाजू पहिल्या दोघांनाच गिळून बनलेली आहे. ऐकताना ‘हे कोण वाजवतंय?’ हा प्रश्न सारखा पडतो, आणि अनेक ठिकाणी त्याचं प्रामाणिक उत्तर ‘तिघंही’ असंच आहे.

इथे काय बिघडू शकतं? दोन गोष्टी. पहिली उशिराची. संगणकाला आवाज हातात घ्यायला वेळ लागतो. सीडीच्या वेगाने २५६ नमुन्यांची (आवाजाच्या सूक्ष्म मोजमापांची) साठवण म्हटली तर ५.८ मिलिसेकंद. मूळ आवाज आणि हा उशिराचा आवाज सारख्या जोराने एकत्र झाले, तर दर १७२ हर्ट्झला एक खड्डा पडतो आणि आवाज पत्र्याच्या नळीतून आल्यासारखा पोकळ होतो. अल्बममध्ये सॅक्स अचानक अशी नळीतून बोलू लागली, तर तुमच्या स्पीकरला दोष देऊ नका. दुसरी गोष्ट उघड्या मायक्रोफोनांची. मंचावर उघडे मायक्रोफोन दुप्पट झाले, की सभागृह स्वतःच ओरडू लागण्याआधी जेवढा आवाज वाढवता येतो तो सुमारे ३ डेसिबलने घटतो. जिथे फीडबॅक हेच वाद्य आहे तिथे हवा तो ओरडा ठेवून नको तो रोखायचा, हे ध्वनियंत्रणावर बसलेल्या माणसाचं काम जवळजवळ चौथ्या वादकाचं आहे. रेडकॅटच्या या दोन रात्रींत ते फार चांगलं झालं आहे. सभागृहाचा बेसूर हुंकार कुठेही वादकांच्या वरचढ होत नाही.

आता तक्रारी. अल्बमला कात्री लागलेली नाही, आणि ती लागायला हवी होती असं दुसऱ्यांदा ऐकल्यावरही वाटतं. उत्स्फूर्त वादनात शोधाशोधीचा वेळ असतोच, सभागृहात तो खटकत नाही, कारण समोर माणसं दिसत असतात आणि आवाज छातीवर येत असतो. घरी, डोळ्यांपुढे काही नसताना, तीच शोधाशोध रिकामी भासते. दोन्ही डिस्कवर अशा जागा आहेत जिथे तिघंही एकमेकांची वाट पाहतात आणि कॅल्हूनचा ध्वनिपडदा नुसता तरंगत राहतो. विलंबित आलापीत गायक स्वर बढवतो तेव्हा पुढचा स्वर येणार याची ओढ असते. इथे त्या रिकाम्या मिनिटांत ती ओढ नाही, फक्त वेळ आहे.

दुसरं, रीडला अधूनमधून रॉक गिटारवाला व्हायचा मोह आवरत नाही. तासाभराच्या घनदाट ड्रोनमध्ये एखादा ओळखीचा, दोन-तीन स्वरांचा गिटारी तुकडा डोकं वर काढतो, आणि कान लगेच त्याला धरून गाणं शोधायला लागतो. गाणं येत नाही. क्रीगर त्या तुकड्यांना साथ देत नाही, त्यांच्या भोवती धूर करतो, आणि ते योग्यच आहे. काही श्रोत्यांना हेच क्षण विसाव्याचे वाटतील, हेही मान्य.

तिसरं, मिश्रण. कॅल्हूनची प्रक्रिया पुढे आणि सॅक्स मागे, असा तोल बराच वेळ राहतो. क्रीगरच्या घशातली गुरगुर, सॅक्सच्या तोंडाशी असलेल्या पत्तीवर आपटणारी जीभ, किल्ल्यांची टकटक, असे जवळून ऐकायचे बारकावे गुंजेखाली दबतात. ज्यांना माणसाच्या श्वासाचा पुरावा ऐकायला आवडतो त्यांना हे खुपेल.

एवढं असूनही अल्बम जमला आहे तो कशाने? ओसरण्याने. अशा गोंगाटाच्या संगीतात चढणं सोपं असतं, नॉब फिरवला की झालं. कळसावरून उतरायचं कसं हा अवघड प्रश्न, आणि बहुतेक संच तो एकदम गप्प बसून सोडवतात. हे तिघं उतरतात तेव्हा थर एकेक करून काढतात. आधी वरचा खरखराट जातो, मग मधला भराव, आणि खाली इतका वेळ झाकलेला एक खर्ज उघडा पडतो. तो आत्ता सुरू झालेला नसतो, मघापासूनच तिथे असतो. हे ऐकण्यासाठी त्याआधीची जड मिनिटं सोसावी लागतात, पुढे ढकलून इथे थेट येता येत नाही.

आता लावायचा कसा, याबद्दल. या संगीताला ऐकण्याचं साधन इतर संगीतापेक्षा जास्त महत्त्वाचं ठरतं.

फोनच्या स्पीकरवर अजिबात नाही. त्यातून खालचा भाग येतच नाही, आणि खर्ज काढला तर या अल्बमात नुसता किसलेला पत्रा उरतो. छोट्या ब्लूटूथ स्पीकरची अडचण वेगळीच. त्यांच्या आत आवाज दाबून ठेवणारी सोय असते. गाण्यात दोन ठोक्यांमध्ये जागा असते, तिथे ती सैल होते. इथे जागाच नाही, त्यामुळे ती एकदा आवळली की तासभर आवळलेलीच, आणि खर्ज आला की त्यासोबत वरचं सगळं खाली दबतं. शिवाय असे बरेच स्पीकर डावं-उजवं एकत्र करतात, आणि कॅल्हूनने दोन बाजूंना पसरलेले थर एकमेकांत बुजतात. चांगले वायरचे हेडफोन किंवा किमान साडेसहा इंची वूफर (खर्ज वाजवणारा भाग) असलेले स्पीकर, हे खरे पर्याय.

स्पीकरवर ऐकणाऱ्यांना एक सावधगिरी. गाण्याचे शिखरबिंदू उंच असले तरी सरासरी जोर बराच खाली असतो. विकृत गिटार आणि ड्रोनमध्ये शिखर आणि सरासरी जवळजवळ येतात. म्हणजे नॉब त्याच जागी असताना ट्वीटरच्या (वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरच्या) बारीक तारेवर कितीतरी जास्त वीज सतत जाते, आणि तिला थंड व्हायला उसंत मिळत नाही. लहान अँप त्याच्या मर्यादेपलीकडे ताणला तर हे आणखी बिघडतं. त्यात मेख अशी, की मुळात विकृत असलेल्या या आवाजात अँपने लहरींची टोकं कापणं वेगळं कळतही नाही. नेहमीच्या नॉबपेक्षा ६ ते १० डेसिबल खाली ठेवा. ट्वीटरवरून जळका वास आला तर फार उशीर झालेला असतो.

कानांचंही तेच. अमेरिकेच्या निऑश या संस्थेच्या कामाच्या जागेसाठीच्या शिफारशीनुसार दिवसाची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. दोन्ही डिस्क लागोपाठ ९१ वर ऐकल्या की त्या दिवसाचा कोटा संपला. सतत आवाजात कान काही मिनिटांतच बधिर होऊ लागतात, मग आवाज कमी वाटतो, मग हात नॉबकडे जातो. म्हणून पातळी एकदाच ठरवा, तीही दाट भागात: शेजारी बसलेल्या माणसाचं साधं बोलणं कळेल इतकीच. त्यानंतर नॉबला हात नाही, मग हळू भागात काही ऐकू येवो न येवो. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर पुढच्या खेपेला आणखी खाली.

फाइलबद्दल. एमपीथ्री आपल्या चुका जोरदार स्वरांच्या आड लपवते. इथे सगळीच पट्टी भरलेली, लपायला आडोसा कमी आणि खर्चायला बिट अपुरे. १२८ केबीपीएसवर १६ हजार हर्ट्झच्या वरचं बहुधा कापलंच जातं, आणि उरलेल्यात पाण्याखालून आल्यासारखी सळसळ मिसळते. ती सळसळ कॅल्हूनची समजून वाहवा करणारे श्रोते असू शकतात, म्हणून ३२० च्या खाली जाऊ नये, सीडी किंवा फ्लॅक (काहीही न गमावता आवळलेली फाइल) उत्तम. सीडीच्या प्रतीचा एक तास आवळल्याशिवाय ६३५ एमबी भरतो. फ्लॅक पुढच्या नमुन्याचा अंदाज बांधून जागा वाचवतं, आणि गोंगाटाचा अंदाज बांधता येत नाही. तेव्हा या अल्बमची फाइल गाण्यांच्या अल्बमपेक्षा मोठी दिसली, तर काही बिघडलं आहे असं समजू नका. इक्वलायझर बंद ठेवा, ‘बेस बूस्ट’ तर नक्कीच.

पहिल्यांदा ऐकताना पूर्ण तास एका बैठकीत द्या, पण तिघांना वेगळं काढायचा हट्ट धरू नका. दुसऱ्या खेपेला फक्त सर्वांत खालचा स्वर पकडा आणि तो कधी बदलतो तेवढंच मोजा. उत्तर अपेक्षेपेक्षा खूप कमी निघेल. तिसऱ्या खेपेला हेलकावे ऐका, दोन जवळच्या स्वरांमधले, आणि ते कोणाच्या बाजूने थांबतात ते पाहा. इथपर्यंत पोचलेला श्रोता मग आपोआप सॅक्स शोधायला लागतो.

अशाच दुसऱ्या तिकड्यांशी तुलना करायची तर दोन नावं पुरेत. न्यूयॉर्कचे बॉर्बेटोमॅगस, १९७९ पासूनचे, दोन सॅक्सोफोन आणि एक गिटार. त्यांचे सॅक्सवाले दोन्ही वाद्यांची तोंडं एकमेकांना चिकटवून फुंकतात, एकाची हवा दुसऱ्याच्या नळीत. वाद्यांची यादी रीडच्या संचाशी जुळती, पण तिथे उतार नाही, सगळा चढच. गोंगाटाची ताकद पाहायची असेल तर ते ऐका. दुसरे लंडनचे एएमएम, १९६५ मध्ये सुरू झालेले, पुढे किथ रो, जॉन टिलबरी आणि एडी प्रेव्हो असे तिघं. रो गिटार टेबलावर आडवी ठेवून हातात येईल त्या वस्तूने तिला बोलती करतो, टिलबरी पियानोवर मिनिटाला मोजके स्वर ठेवतो. तिथे शांतता हे चौथं वाद्य आहे. रीडचा हा अल्बम या दोघांच्या मधोमध बसतो: बॉर्बेटोमॅगसइतका अंगावर येत नाही, एएमएमइतका संयमी नाही. नव्या श्रोत्याला मधलं घर सोयीचं. या प्रकारात मुरलेल्याला ते थोडं गुळगुळीत वाटेल, आणि त्याची ती तक्रार खोटी नाही.

दोन्ही रात्री एकाच दिवशी ऐकू नका. पहिल्या तासानंतर कान थकलेला असतो आणि दुसरी रात्र पहिलीची झेरॉक्स वाटू लागते. मध्ये दोन-तीन दिवस गेले की दोन्हींतला फरक कळतो: तेच तिघं, तीच खोली, तेच अँप, आणि तरी आदल्या रात्री जिथे गर्दी झाली होती तिथे दुसऱ्या रात्री कुणीतरी मागे सरून जागा करून देतं. कोण सरतं, ते ज्याने त्याने ऐकून ठरवावं. बहुतेक वेळा तो रीड असतो.